टोकन देण्याआधी काय विचारायचे?

मीरा-भाईंदरमध्ये घरखरेदीचा एक क्रम रूढ झाला आहे. रविवारी एजंटबरोबर चार-पाच फ्लॅट पाहायचे, त्यांतला एक आवडला की भावावर घासाघीस करायची, दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन देणार आहे असे कानावर आले की तिथल्या तिथे आपले टोकन पुढे करायचे, मग बँकेत जायचे आणि कागदपत्रे वकिलाला दाखवायची ती अगदी शेवटी, करारनाम्याचा मसुदा तयार झाल्यावर. या क्रमात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सर्वांत उशिरा येतो आणि तोवर विचारणाऱ्याचा जोर संपलेला असतो. टोकन दिल्यानंतर हाती आलेली प्रत्येक वाईट बातमी पैसे बुडण्याच्या भीतीतून वाचली जाते. दोष दिसला तरी माणूस स्वतःचीच समजूत घालू लागतो. म्हणून किंमत तोंडातून काढण्याआधी जमीन, परवानगी आणि इमारत या तिन्हींची चौकशी झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या शहरात तर ती अधिकच काटेकोरपणे झाली पाहिजे, कारण इथे इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या त्या वेगाने त्यांच्याखालच्या जमिनीचे कागद सरळ झालेले नाहीत.

हा वेग किती होता ते जनगणनेत दिसते. १९९१ मध्ये मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ती ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर. १९८५ पर्यंत इथे ग्रामपंचायती होत्या, त्या वर्षी नगर परिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. पश्चिमेला उत्तनचा समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मध्ये भातशेती, खाजण व मिठागरे, असा हा पट्टा होता. मुंबईत न परवडणाऱ्या कुटुंबांनी तो एका पिढीत भरून टाकला. आज जाहिरातीत संकुलाला काहीही झगमगीत नाव असो, करारनाम्याच्या परिशिष्टात मौजे नवघर, मौजे गोडदेव, मौजे खारी, मौजे मिरे, मौजे पेणकरपाडा अशीच नावे येतात. त्यांच्यापुढे जुना सर्व्हे नंबर, नवीन सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहिलेला असतो. घर घेणाऱ्याने पहिली गोष्ट मागायची ती ही ओळ. फ्लॅटचा नंबर आणि मजला यांवरून जमिनीचा काहीही शोध लागत नाही. तो लागतो मौजे आणि सर्व्हे नंबर यांवरून. इथे जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लागतात, कारण जुने फेरफार जुन्या क्रमांकावर आणि अलीकडच्या नोंदी नव्या क्रमांकावर सापडतात. एकच क्रमांक पाहून समाधान मानणारा शोध अर्धवटच राहतो.

त्या क्रमांकाचा सातबारा काढला की बहुतेकांची नजर मालकाच्या नावावर जाते. त्याहून लक्षपूर्वक वाचायचा रकाना म्हणजे ‘इतर हक्क’. मूळ जमीन कुळाला कुळकायद्याखाली मिळालेली असेल तर कलम ४३ची अट तिथे दिसते. जमीन भोगवटादार वर्ग २ची असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. काशिमीरा ते घोडबंदर पट्ट्यात आदिवासी पाडे आहेत आणि आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर महसूल कायद्याचे वेगळे कडक बंधन आहे. आगरी, कोळी, ख्रिस्ती अशा स्थानिक कुटुंबांच्या सामाईक जमिनींवर वारसांची लांब यादी असते. बिल्डरला विकसन करार करून देताना त्यांतल्या किती जणांनी सह्या केल्या, बहिणींची हक्कसोड आहे का, कुलमुखत्यारपत्र देणारा हयात आहे का, या प्रश्नांची उत्तरे फेरफारांच्या साखळीतून काढावी लागतात. वकील तीस वर्षांचा शोध अहवाल काढतात तो यासाठी. नव्या प्रकल्पात बिल्डर असा अहवाल महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकतो. तो बिल्डरच्या वकिलाने बिल्डरसाठी काढलेला असतो, हे मात्र विसरू नये.

याशिवाय या शहराचा स्वतःचा असा एक जुना गुंता आहे. १८७०च्या सुमारास इंग्रज सरकारने समुद्राचे पाणी अडवणारे बांध राखण्याच्या अटीवर इथली मोठी जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. तो हक्क पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आल्याचा दावा आहे आणि भाईंदर, मिरे, घोडबंदर परिसरातील कित्येक सातबाऱ्यांवर कंपनीचे नाव लागलेले आहे. स्थानिक जमीनधारक, गृहनिर्माण संस्था आणि लोकप्रतिनिधी या दाव्याला वर्षानुवर्षे विरोध करत आले आहेत. दाव्याचा न्याय काय व्हावा हा वेगळा विषय. खरेदीदाराच्या दृष्टीने अर्थ असा की, सातबाऱ्यावर ते नाव असेल तर पुनर्विकासाच्या किंवा अभिहस्तांतरणाच्या (जमीन संस्थेच्या नावे होण्याच्या) वेळी ना-हरकत दाखल्याचा आणि त्यासाठीच्या रकमेचा प्रश्न उभा राहू शकतो. हा खर्च आज विक्रेता सांगत नाही, कारण तो उद्या नव्या मालकाच्या वाट्याला येणार असतो. मिठागरांच्या जमिनींवर केंद्राचे मीठ आयुक्त, राज्य सरकार आणि खाजगी दावेदार यांचे वाद आहेत, ते वेगळेच.

नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचे (यूएलसी) भूतही इथून पुरते गेलेले नाही. १९७६च्या या कायद्यात कलम २०खाली जमिनीला अटींवर सूट मिळे; दुर्बल घटकांसाठी लहान, ठरावीक किमतीची घरे बांधणे ही त्यांतली एक मोठी अट. मिरे गावातल्या अशाच योजनेतून शांतीस्टार बिल्डर्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३१ जानेवारी १९९० रोजी न्यायालयाने, जगण्याच्या हक्कात राहण्याजोगा निवाराही येतो, असे सांगितले. देशभर उद्धृत होणारा हा निकाल मीरा रोडच्या घरांच्या किमतींवरून झालेल्या भांडणातून आला, हे इथल्या रहिवाशांना फारसे ठाऊक नसते. नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्रात तो कायदा रद्द झाला, पण कलम २०च्या सुटीच्या अटी अनेक जमिनींना चिकटून राहिल्या आणि त्या सोडवण्यासाठी शासनाकडे अधिमूल्य भरावे लागते. खोटे यूएलसी दाखले वापरून परवानग्या मिळवल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि त्याचा तपास पालिकेच्या नगररचना विभागापर्यंत पोहोचला. तेव्हा ‘यूएलसी क्लिअर आहे’ एवढ्या तोंडी वाक्यावर इथे कोणी थांबू नये. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागावी.

मालकी सरळ असली तरी त्या जागेवर निवासी इमारत चालते का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. शहराचा विकास आराखडा १९९७चा आहे आणि नव्या आराखड्याचे प्रारूप ऑक्टोबर २०२२ मध्ये आले तेव्हा त्यावर हरकतींचा पाऊस पडला. महापालिकेच्या नगररचना विभागातून सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. त्यात आरक्षण, रस्तारुंदी आणि हरित पट्टा कळतो. खाडीच्या बाजूला सागरी किनारा नियमन क्षेत्राची रेषा पाहावी लागते. कांदळवनांपासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात बजावले आहे. मीरा-भाईंदरला तिन्ही बाजूंनी कांदळवने वेढून आहेत, म्हणून ‘खाडीचा व्ह्यू’ हे विक्रीचे आकर्षण असेल तर हा पहिला प्रश्न व्हायला हवा. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनक्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे. खाजगी वनांच्या नोंदींनी एकेकाळी मुलुंड, बोरिवली, ठाण्यात परवानगी घेऊन बांधलेल्या हजारो घरांचे हस्तांतर अडवले होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ती कुटुंबे लटकली. त्यांच्याकडे करारनामे होते, घरपट्टीच्या पावत्या होत्या, कर्जेही होती. जमिनीच्या नोंदीत एक जुनी ओळ होती, ती मात्र वाचली गेली नव्हती.

इथून आपण परवानगीकडे येतो आणि सर्वांत घातक गैरसमज इथेच आहेत. सामान्य खरेदीदार चार गोष्टींवर विसंबतो: करारनामा रजिस्टर होतो, प्रकल्पाला महारेराचा नंबर आहे, घरपट्टी भरली जाते आणि बँक कर्ज देते. या चारांपैकी एकही इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विक्रेता खरा मालक आहे की नाही याची तो हमी देत नाही. अनधिकृत इमारतीवरही पालिका कर लावते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अशा बांधकामावर शास्ती आकारली जाते आणि त्या भरण्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. महारेराच्या नंबराचे काय होऊ शकते ते कल्याण-डोंबिवलीने दाखवले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखल करून तिथल्या ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली, फ्लॅट विकले गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. खाडीपलीकडे नालासोपाऱ्यात आरक्षित भूखंडांवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२४-२५ मध्ये खरोखरच पाडल्या गेल्या. तिथे वीज होती आणि वर्षानुवर्षे कुटुंबे राहत होती. मीरा-भाईंदरपासून ही दोन्ही ठिकाणे तासाभराच्या अंतरावर आहेत आणि तिथले खरेदीदार इथल्या खरेदीदारांपेक्षा अडाणी नव्हते. त्यांनी जे पाहिले तेच आपण पाहतो.

याचा अर्थ महारेरा निरुपयोगी आहे असा नाही. १ मे २०१७ पासून तिने बिल्डरला करारनाम्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली, ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, चटई क्षेत्रावर विक्री आणली आणि बांधकामातील दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर टाकली. तिच्या संकेतस्थळावर प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजा आणि चालू खटले यांची माहिती असते. मुद्दा एवढाच की, ही माहिती बिल्डरने स्वतः भरलेली असते. म्हणून तिथले प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्यावे आणि त्याचा जावक क्रमांक व तारीख पालिकेच्या नगररचना विभागात पडताळावी. किती मजल्यांसाठी ते दिले आहे तेही पाहावे. १५ मजल्यांच्या जाहिरातीमागे जोत्यापर्यंतचीच परवानगी असू शकते. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प नोंदणीतून मोकळा आहे. गावठाणातल्या लहान इमारती या पळवाटेत बसतात. आणि जुन्या घराच्या पुनर्विक्रीत, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला फ्लॅट विकताना, महारेराचा काहीच उपयोग नाही. भाईंदरच्या जुन्या भागात होणारा बहुतेक व्यवहार हाच असतो.

बांधून झालेल्या घराच्या बाबतीत निर्णायक कागद एकच, भोगवटा प्रमाणपत्र. तो असेल तर नकाशाप्रमाणे बांधकाम झाले असे पालिकेने मान्य केले असा अर्थ होतो. तो नसेल तर कारण शोधावे लागते. ग्रामपंचायतीच्या काळातल्या परवानग्या, मंजुरीहून जास्त चढवलेले मजले, भरायचे राहिलेले विकास शुल्क, रस्त्यासाठी न सोडलेली जागा, या प्रत्येक कारणाचे गांभीर्य वेगवेगळे आहे. शुल्क थकलेले असेल तर ते भरून सुटका आहे, वरचे दोन मजलेच बेकायदा असतील तर त्या मजल्यावरचे घर घेणे म्हणजे कधीही येऊ शकणाऱ्या नोटिशीची वाट पाहणे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. भोगवटा किंवा पूर्णत्व प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याच्या जोडण्या त्यानंतरच द्याव्यात आणि बँकांनी ते प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्यावे, असा त्यांचा आशय आहे. या निर्देशांची अंमलबजावणी जसजशी घट्ट होईल तसतसे प्रमाणपत्र नसलेले घर विकणे अवघड होत जाईल. आज स्वस्तात मिळालेले घर उद्या स्वस्तातही जाणार नाही.

चौकशी न करणाऱ्याला कायदा कसा वागवतो, हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२चे कलम ३ सांगते की, जी चौकशी करायला हवी होती ती जाणूनबुजून टाळली किंवा घोर निष्काळजीपणाने केली नाही, तर ती वस्तुस्थिती माणसाला माहीतच होती असे धरले जाईल. नोंदणीकृत दस्तात जे लिहिले आहे ते माहीत होते असे धरले जाते. प्रत्यक्ष ताब्यात जो बसला आहे त्याचा हक्क काय, हेही माहीत होते असे धरले जाते. कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने लपलेले दोष सांगायला हवेत, पण साध्या काळजीने जे दिसले असते त्याची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. कलम ४१ खाली भासमान मालकाकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला संरक्षण आहे, तेही त्याने वाजवी काळजी घेतली असेल तरच. म्हणजे ‘मला कोणी सांगितले नाही’ हे वाक्य न्यायालयात उपयोगाचे नाही. सातबारा आणि निबंधकाकडची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) घरबसल्या पाहता येत असताना तर ते वाक्य आणखी दुबळे होते. नोटरीच्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर चाळीतल्या खोल्या घेणाऱ्यांना हे विशेष सांगितले पाहिजे, कारण अशा कागदाने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११च्या सूरज लॅम्प निकालात स्वच्छ सांगून ठेवले आहे.

जुन्या इमारतीतला फ्लॅट घेणारा भिंतींची किंमत मोजतो, खरे तर तो जमिनीतला वाटा घेत असतो. ऐंशीच्या दशकातल्या चार मजली इमारती आता तिशी-चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. खाऱ्या हवेत त्यांच्या सळ्या गंजल्या आहेत आणि अनेकींना पुनर्विकासाशिवाय गत्यंतर नाही. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे, आणि पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. अहवाल मागावा आणि त्यात इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे ते वाचावे. नवा गिलावा आणि ताजा रंग पाहून मत बनवू नये. त्यापुढचा प्रश्न अभिहस्तांतरणाचा. मोफा कायद्याने १९६३ पासून बिल्डरवर जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन आहे, तरी कित्येक संस्थांच्या नावावर जमीन नाही. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण मिळते. ते झालेले नसेल तर पुनर्विकासाच्या वाढीव क्षेत्रावर मूळ मालक किंवा बिल्डर हक्क सांगू शकतो. दोन शेजारच्या इमारतींत सारख्याच आकाराच्या घराचा भाव सारखा सांगितला जातो, पण एकीची जमीन संस्थेच्या नावे असेल आणि दुसरीची नसेल तर त्या घरांची खरी किंमत सारखी नाही. माझ्या मते जुन्या भाईंदरमध्ये भाव ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी विचारले जाते.

ही चौकशी करतानाच संस्थेच्या सचिवांकडून आणखी माहिती घेता येते: थकबाकी, न्यायालयातले वाद, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, भाग दाखला कोणाच्या नावे आहे. मूळ सभासद वारला असेल तर नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते, बाकीच्या वारसांच्या संमतीची गरज लागते. बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतच्या सगळ्या करारनाम्यांची अस्सल साखळी पाहावी. अस्सल कागद हाती नसेल तर तो कुठल्या तरी बँकेत गहाण असण्याची शक्यता धरून चालावे. पार्किंगचे वेगळे पैसे मागितले तर दहिसरच्या पांचाली संस्थेचा ऑगस्ट २०१०चा निकाल आठवावा. स्टिल्टमधली मोकळी जागा ही सामाईक असते, बिल्डर ती फ्लॅटसारखी विकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले.

पाणी आणि प्रवास यांबाबत आश्वासनांचा भाव दिला जातो, तो देऊ नये. सूर्या प्रादेशिक योजनेच्या ४०३ दशलक्ष लिटर पाण्यापैकी २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरले आहे. ते आपल्या टाकीत किती येते हे संस्थेच्या टँकरच्या बिलांवरून कळते, म्हणून मे महिन्यातली बिले पाहावीत. मेट्रो ९चेही तसेच. दहिसर ते काशिगाव टप्प्याची चाचणी मे २०२५ मध्ये झाली. तिची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा परिसरात ठरली होती, गावकऱ्यांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेण्यात आली. नकाशावरची रेषा अशी गावेच्या गावे बदलते. जे आज चालू आहे त्याचे पैसे द्यावेत, पुढे जे मिळेल तो लाभ समजावा.

किमतीचा खरा पुरावा एजंटच्या सांगण्यात नसतो. त्याच इमारतीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत झालेले व्यवहार सूची क्रमांक २ मध्ये रकमेसह दिसतात, आणि करारनाम्यातल्या चटई क्षेत्राने भागले की भाव हाती येतो. रोखीने काही भाग मागितला जात असेल तर ही तुलना बिघडते, आणि स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. शिवाय रोख दिलेली रक्कम व्यवहार फिसकटल्यावर परत मागायला कागद उरत नाही.

या साऱ्या चौकशीवर पहिला आक्षेप वेळेचा येतो. एवढे करत बसलो तर फ्लॅट हातचा जाईल, असे म्हणतात. हे काही प्रमाणात खरे आहे, म्हणूनच चौकशी दोन भागांत करावी. सातबारा, महारेरा, सूची क्रमांक २ आणि ई-कोर्टवरचे खटले एका संध्याकाळी पाहून होतात. नगररचना विभागाची पडताळणी आणि वकिलाचा शोध यांना दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यासाठी घर राखून ठेवायचेच असेल तर अगदी लहान रक्कम धनादेशाने द्यावी आणि सोबत एक पानाचे पत्र करावे: अमुक तारखेपर्यंत मालकी, भोगवटा प्रमाणपत्र किंवा बोजा यांत दोष आढळल्यास रक्कम पूर्ण परत. इंग्लंडमध्ये घराचा देकार स्वीकारला गेला तरी तो करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणालाच बांधत नाही आणि सगळा शोध त्या मधल्या काळात होतो. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांच्या बाबतीत विक्रेत्यानेच सर्वेक्षकाचा अहवाल तयार ठेवून मग घर बाजारात आणायचे असते. आपल्याकडे अशी सोय कायद्याने नाही, ती पत्राने करून घ्यावी लागते. ज्याचे कागद सरळ आहेत त्या विक्रेत्याला अशा पत्राची अडचण वाटण्याचे कारण नाही. ज्याला वाटते त्याचे घर गेलेले बरे.

दुसरा आक्षेप बँकेचा. बँकेचा वकील तपासतो, मग आपण दुप्पट खर्च का करावा? बँकेचा वकील बँकेची जोखीम पाहतो, आणि बँकेची जोखीम घरापुरती मर्यादित नसते. तिच्याकडे कर्जदाराचा पगार, हमीदार आणि सही असते. इमारत पाडली गेली तरी हप्ता थांबत नाही. स्वतःच्या वकिलाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ आहे आणि ती वाचवण्याइतकी महाग काटकसर दुसरी नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सगळे कागद स्वच्छ असलेले घर इथल्या रिक्षाचालकाला, कारखान्यातल्या कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला परवडत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत हजारो कुटुंबे नीट संसार करत आहेत, मग त्यांना ‘घेऊ नका’ असे सांगणे म्हणजे ‘भाड्यानेच राहा’ असे सांगणे नव्हे काय? हा युक्तिवाद मला मान्य आहे, एका अटीवर. दोष असलेले घर घेणे हा निर्णय समजून घेतलेला असला पाहिजे. जमीन निवासी पट्ट्यात आहे, मालकी स्पष्ट आहे, इमारत मंजूर नकाशाच्या आत आहे आणि प्रमाणपत्र फक्त शुल्क थकल्याने अडले आहे, असे घर कमी किमतीत घेणे शहाणपणाचे ठरू शकते. कांदळवनात भराव टाकून किंवा आरक्षणावर उभ्या केलेल्या इमारतीतले घर कोणत्याही किमतीला घेऊ नये, कारण तिथे गरिबाची सगळी पुंजी जाते आणि शिवाय कर्ज उरते. या दोन घरांतला फरक बाहेरून दिसत नाही. चौकशीची गरज श्रीमंतापेक्षा गरिबाला जास्त आहे, कारण त्याला दुसरे घर घ्यायची संधी मिळत नाही.

राहिला प्रश्न शासनाचा. नागरिकाने गुप्तहेरासारखे कागद शोधत फिरावे, ही व्यवस्था मुळातच अन्यायाची आहे. मालकीची हमी सरकारने द्यावी ही पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये सुरू केली. आपल्याकडे २००८ मध्ये केंद्राने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेताना निर्णायक मालकीचे उद्दिष्ट ठेवले, ते अजून दूर आहे. तोवर मीरा-भाईंदर महापालिकेने एक साधी गोष्ट करावी. मौजे आणि सर्व्हे नंबर टाकल्यावर त्या जागेवरची प्रत्येक बांधकाम परवानगी, तिचे मजले, भोगवटा प्रमाणपत्र आणि दिलेल्या नोटिसा संकेतस्थळावर दिसाव्यात. हे सगळे कागद नगररचना विभागाच्या कपाटांत आहेत. गृहनिर्माण संस्थांनीही भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरणाचा दस्त आणि शेवटचा संरचना अहवाल यांच्या प्रती कार्यालयात खुल्या ठेवाव्यात. आणि घर शोधणाऱ्याने उद्या फ्लॅट पाहायला जाताना एजंटकडे चावीबरोबर मौजे, जुना सर्व्हे नंबर आणि नवा सर्व्हे नंबर लेखी मागावा, तो मिळेपर्यंत किमतीवर बोलू नये.